खुपऱ्यांसाठी गावभर औषधवाटप: अम्हारातली मोहीम, आखणीपासून हिशोबापर्यंत

खुपऱ्या (ट्रॅकोमा, डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) ही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून संपल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने ८ ऑक्टोबर २०२४ रोजी दिली. आग्नेय आशिया विभागात नेपाळ (२०१८) आणि म्यानमार (२०२०) आपल्या आधी तिथे पोचले होते. आज या रोगाचे सर्वांत मोठे ओझे इथिओपियावर आहे. जगात खुपऱ्यांचा धोका असलेल्या प्रदेशात राहणाऱ्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक त्या एका देशात आहेत. तिथल्या अम्हारा प्रांतात गेली वीसहून अधिक वर्षे गावेच्या गावे ॲझिथ्रोमायसिन हे जंतुरोधक औषध घेत आहेत. ही मोहीम कशी चालते ते पुढे सविस्तर दिले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर भागात हत्तीरोगाच्या गोळ्यांच्या मोहिमेत काम केलेल्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. मात्र मात्रा, सिरप आणि लहान मुलांबाबतची खबरदारी यांत फरक आहे, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

आख्ख्या गावाला औषध का

खुपऱ्या होतात क्लॅमिडिया ट्रॅकोमाटिस या जिवाणूमुळे. तो मुख्यतः लहान मुलांच्या डोळ्यांत असतो आणि बोटे, तोंड पुसायचे फडके, डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या यांच्यामार्फत घरभर फिरतो. एकदा संसर्ग झाल्याने माणूस आंधळा होत नाही. वर्षानुवर्षे तोच संसर्ग पुन्हापुन्हा झाला की वरच्या पापणीच्या आत व्रण पडतात, पापणी आत वळते, केस बुबुळावर घासू लागतात आणि बुबुळ पांढरे पडते.

एकेका रुग्णाला शोधून औषध देण्यात अर्थ नाही. पापणी उलटून दिसणाऱ्या खुणा आणि प्रत्यक्ष जिवाणू यांचा मेळ नेहमी बसत नाही. संसर्ग गेल्यावरही पापणीच्या आतल्या पुटकुळ्या काही महिने राहतात, आणि कधी जिवाणू असूनही डोळा साफ दिसतो. शिवाय एका मुलाला बरे केले तरी शेजारच्या अंथरुणातल्या भावाकडून लवकरच संसर्ग परत येतो. म्हणून सगळ्यांना एकाच वेळी औषध द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सेफ' धोरणातला हा दुसरा भाग. उरलेले तीन म्हणजे वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, चेहऱ्याची स्वच्छता आणि पाणी-संडास-परिसर. औषधाने गावातला संसर्ग खाली येतो, पण तो खाली टिकवायचे काम त्या बाकीच्यांचे. हे विसरलेल्या जिल्ह्यांत दहा-दहा फेऱ्या होऊनही आकडा हटत नाही.

फेऱ्या किती, हे सर्वेक्षण ठरवते

वाटपाचा निर्णय अंदाजाने घ्यायचा नसतो. साधारण १ ते अडीच लाख लोकवस्तीचा एक घटक धरतात (इथिओपियात तो बहुधा एक वोरेदा, म्हणजे आपल्या तालुक्याएवढा). त्यात यादृच्छिक पद्धतीने २० ते ३० वस्त्या निवडून १ ते ९ वर्षे वयाच्या सुमारे हजारभर मुलांची वरची पापणी उलटून भिंगातून पाहतात. पापणीच्या मध्यभागी किमान अर्धा मिलिमीटर व्यासाच्या पाच किंवा अधिक पुटकुळ्या दिसल्या तर ते मूल 'टीएफ' (खुपऱ्यांची पुटकुळ्यांसह सूज) म्हणून मोजले जाते.

या वयोगटात टीएफचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असेल तर गावभर वाटप नाही. ५ ते ९.९ टक्के असेल तर एक फेरी आणि मग पुन्हा सर्वेक्षण. १० ते २९.९ टक्क्यांना दर वर्षी एक याप्रमाणे तीन फेऱ्या, ३० ते ४९.९ ला पाच, आणि ५० वा त्याहून जास्त असेल तर किमान सात. फेऱ्यांमध्ये खंड पडला की आधीची मेहनत बरीचशी वाया जाते. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे अशा मोहिमा पुढे ढकलण्याची सूचना आली आणि पाठोपाठ उत्तर इथिओपियात युद्ध पेटले. तिथल्या कितीतरी वोरेद्यांत फेऱ्या रखडल्या.

तारीख ठरवणे

औषध फायझर कंपनी १९९८ पासून मोफत देते. मागणी 'इंटरनॅशनल ट्रॅकोमा इनिशिएटिव्ह' या संस्थेमार्फत, देशाच्या आरोग्य मंत्रालयाने करायची असते. अर्ज, तज्ज्ञ समितीची मंजुरी, जहाज, सीमाशुल्क, राजधानीतले गोदाम आणि तिथून वोरेदा या साखळीला महिने लागतात. म्हणून पुढच्या वर्षीच्या फेरीची मागणी आदल्या वर्षीच गेलेली हवी. मागच्या फेरीचा शिल्लक साठा जुळत नसेल तर मंजुरी तिथेच अडते. शेवटच्या दिवशीचा हिशोब किती महत्त्वाचा, ते इथून कळते.

सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी लागणारे टेट्रासायक्लीनचे १ टक्का डोळ्यांचे मलम मात्र या देणगीत नाही. ते सरकारने स्वतः विकत घ्यायचे असते. म्हणूनच सर्वांत स्वस्त असलेली ही एक वस्तू सर्वांत जास्त वेळा संपलेली असते. गोळ्या आल्या म्हणून तारीख जाहीर करू नका, आधी मलमाच्या ट्यूबा मोजा.

अम्हारात जून ते सप्टेंबर हा किरेम्त, म्हणजे मोठा पावसाळा. तेव्हा डोंगरातल्या पायवाटा बंद असतात. पावसानंतर रस्ते उघडतात, पण लगेच कापणी लागते आणि माणसे दिवसभर शेतात असतात. शिवाय बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरआधीच्या ५५ दिवसांच्या उपासात बरेच जण दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत. सकाळी नऊला मांडव घालून बसलेल्या पथकासमोर रांग असते, पण गोळी तोंडात कोणी घालत नाही. 'घरी नेतो, संध्याकाळी घेतो' असे म्हणतात आणि पथक दमून त्याला हो म्हणते. मुस्लिम वस्त्यांत रमजानमध्ये हेच घडते. म्हणून मोठे उपास पूर्ण टाळा. आठवड्याच्या उपासाला वाटप दुपारी तीननंतर ठेवा किंवा तो दिवस राखीव धरा. बाजाराचा दिवसही आधी विचारून घ्या.

कॅलेंडरबद्दल एक सावधगिरी. इथिओपियन वर्ष आपल्या वापरातल्या इसवी सनापेक्षा ७ ते ८ वर्षे मागे असते. बाटलीवर मुदत छापलेली असते '०६/२०२६', आणि त्या महिन्यात आरोग्य केंद्राच्या भिंतीवर साल असते २०१८. स्वयंसेवकाला वाटते औषध अजून आठ वर्षे चालेल. वोरेद्याच्या गोदामातून बाहेर पडतानाच प्रत्येक खोक्यावर स्थानिक कॅलेंडरप्रमाणे मुदत मार्करने मोठी लिहा. घड्याळही सहा तास सरकलेले असते. सकाळी सातला तिथे 'एक वाजला' म्हणतात. वेळ सांगताना 'सकाळी' की 'दुपारी' ते जोडून सांगा.

घरयादी: खरे काम इथे आहे

गोळ्या वाटायला फारशी अक्कल लागत नाही. गोळी कोणाला मिळाली नाही हे कळण्यासाठी मात्र आधी सगळी नावे कागदावर हवीत. अपेक्षा अशी की एकूण लोकसंख्येच्या किमान ८० टक्के लोकांनी औषध घेतलेले असावे. एकूण लोकसंख्येच्या त्या आकड्यात, म्हणजे भाजकात, खोट असेल तर टक्केवारीला किंमत उरत नाही.

वाटपाच्या दोन-तीन आठवडे आधी स्वयंसेवकाने स्वतःच्या घरांची यादी दारोदार जाऊन नव्याने करावी. एकाकडे ४० ते ५० घरे पुरेत, त्याहून जास्त दिली की तो घरी बसून गेल्या वर्षीची यादी उतरवतो. अशी उतरवलेली यादी ओळखायची खूण सोपी आहे: तिच्यात एक वर्षाखालचे एकही मूल नसते आणि गेल्या वर्षी चार वर्षांचे असलेले मूल यंदाही चारच वर्षांचे असते. पर्यवेक्षकाने कोणतीही पाच घरे निवडून दारात उभे राहून वहीशी ताडून पाहावे. विचारायचे असे: काल रात्री या घरात कोण कोण झोपले? 'घरात किती माणसे?' असे विचारले की मोलकरणीची मुलगी, गुरे राखायला ठेवलेला नात्यातला पोरगा, बाळंतपणाला माहेरी आलेली बहीण हे सगळे गळतात. आणि गुरे राखणारी पोरे नेमकी ५ ते ९ वर्षांची असतात. सर्वेक्षणात ज्यांच्या पापण्या पाहतात त्या १ ते ९ वर्षे वयोगटातलीच ती.

याच फेरीत आणखी एक काम फुकटात होते. पापणीचे केस डोळ्याला टोचतात का, ते चिमट्याने उपटता का, असे प्रत्येक प्रौढाला विचारा आणि हो म्हणणाऱ्याचे नाव वेगळ्या पानावर घ्या. ही यादी शस्त्रक्रियेच्या पथकाकडे जाते. निर्मूलनाची पहिली अट मुलांतले टीएफ ५ टक्क्यांखाली असण्याची, दुसरी याच लोकांबद्दल आहे: पंधरा वर्षांवरील लोकांत आरोग्ययंत्रणेला ठाऊक नसलेल्या वळलेल्या पापण्यांचे प्रमाण ०.२ टक्क्यांखाली हवे.

किती औषध, किती पाणी, किती माणसे

एक केबेले (आपल्या ग्रामपंचायतीसारखा सर्वांत खालचा घटक) ५,००० लोकांचा धरू. यात सहा महिन्यांखालची बाळे २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १००. सिरप लागणारी सात वर्षांखालची मुले १८ टक्के धरली तर ९००, उरलेले ४,००० गोळ्यांचे.

मलम: प्रत्येक बाळाला दोन ट्यूबा, एकूण २००.

गोळ्या: २५० मिलिग्रॅमची एक. प्रौढाला चार, शाळकरी मुलांना उंचीनुसार कमी. सरासरी साडेतीन धरली तर १४,०००.

सिरप: १,२०० मिलिग्रॅम औषधाच्या भुकटीची बाटली येते. पाणी घातल्यावर ३० मिलि सिरप तयार होते आणि एका मिलित ४० मिलिग्रॅम औषध असते. मुलामागे सरासरी ७ मिलि धरले तर ६,३०० मिलि, म्हणजे २१० बाटल्या. बाटलीच्या तळाशी उरलेल्या दोन-तीन मिलित कोणाचीच पूर्ण मात्रा बसत नाही आणि काही मुले थुंकतात, म्हणून दहा टक्के वाढवून २३० मागवा.

पाणी आराखड्यात कोणी लिहीत नाही. ४,००० माणसांना गोळीसोबत अर्धा पेला, म्हणजे १०० मिलि, म्हटले तरी ४०० लिटर होते. कोरड्या टेकडीवरच्या वस्तीत ते गाढवावरूनच येते. पाणी कोण आणणार, पेले किती आणि ते कुठे धुणार हे केबेलेच्या बैठकीतच ठरवून घ्या. पाणी नसले की लोक गोळ्या हातात घेऊन घरी जातात.

माणसे: तिघांचे एक पथक (एक नाव लिहिणारा, एक उंची मोजणारा, एक औषध देणारा) दिवसाला साधारण २०० जणांना नीट औषध देते. ५,००० लोकांना पाच पथके पाच दिवस, आणि सुटलेल्यांसाठी आणखी दोन दिवस. दिवसाला ४०० चे लक्ष्य दिले की पहिला बळी जातो उंचीच्या काठीचा. मग वय विचारून अंदाजाने मात्रा दिली जाते.

अम्हारात २००८ पासून मलेरिया आणि खुपऱ्या यांची जोड-मोहीम 'मालट्रा' सप्ताह म्हणून निघू लागली. अर्धा प्रांत एका वेळी घ्यायचा, वर्षातून दोनदा. एवढी मोठी मोहीम आठवड्याभरात उरकते याचे कारण ती वरून धावत नाही. प्रत्येक केबेलेतल्या आरोग्य विस्तार कार्यकर्तीच्या हाताखाली असे छोटे हिशोब झालेले असतात.

उंचीची काठी

मात्रा आहे वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम, एकदाच, जास्तीत जास्त १ ग्रॅम. सिरपच्या भाषेत वजनाच्या आकड्याच्या निम्मे मिलि: १२ किलोच्या मुलाला ६ मिलि. पण गावोगाव वजनकाटे नेणे जमत नाही, म्हणून वजनाऐवजी उंची धरतात आणि काठीवरच मात्रेचे पट्टे रंगवलेले असतात. हे पट्टे त्या देशातल्या मुलांच्या उंची-वजनावरून काढलेले असतात. दुसऱ्या देशाची काठी किंवा इंटरनेटवरचा तक्ता उचलू नका.

एक रेघ मात्र सगळीकडे सारखी: सात वर्षांखालच्या किंवा १२० सेंटिमीटरहून बुटक्या मुलाला गोळी द्यायची नाही, सिरपच द्यायचे. गोळी घशात अडकून मुले दगावली आहेत, त्यानंतर ही रेघ वर सरकवली गेली. जुन्या काठ्यांवर ती खालीच असते. त्यामुळे मोहिमेआधी गोदामातली प्रत्येक काठी टेपने मोजा. १२० वर खूण नसेल किंवा रंग उडाला असेल तर ती काठी मोडूनच टाका. 'बाजूला ठेवा' म्हटले की ती कोणीतरी उचलतोच.

मोजताना चपला काढा, टाचा काठीला टेकवा, नजर समोर. टोपी, डोक्याचे फडके उतरवा आणि केसांचा अंबाडा असेल तर तो दाबून सपाट वही डोक्यावर आडवी धरा. काठी खडकावर किंवा पक्क्या जमिनीवर उभी करा. चिखलात ती तीन-चार सेंटिमीटर खचते, मूल तेवढेच उंच दिसते आणि मात्रा एक पट्टा वर जाते.

सिरप कालवणे

प्रशिक्षणाचा अर्धा दिवस यावर द्या, प्रत्येकाच्या हातून एक बाटली करून घ्या. आधी बाटली तळहातावर ठोकून भुकटी सुटी करावी. मग उकळून गार केलेले पाणी मोजून १५ मिलि घालावे, झाकण घट्ट लावून जोरात हलवावे आणि फेस खाली बसेपर्यंत थांबावे. फेसासकट ओढलेल्या सिरिंजमध्ये औषध कमी येते.

नेहमीची चूक अशी: 'तयार सिरप ३० मिलि' हे वाचून लोक ३० मिलि पाणी ओततात. भुकटी स्वतःच जागा घेत असल्याने सिरप सुमारे ४५ मिलि होते आणि प्रत्येक मुलाला मात्रा एक तृतीयांशाने कमी मिळते. बाटल्या पुरून उरतात, पथक खूश असते आणि कोणाला काही कळत नाही. म्हणून दिवसअखेर बाटल्या आणि मुले यांचे गुणोत्तर पाहा. तीस मिलिच्या एका बाटलीत सरासरी चार मुले बसतात. कुठल्या पथकाने एका बाटलीत सहा-सात बसवली असतील तर पाणी जास्त झालेय.

कालवलेल्या बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा, सावलीत ठेवा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीनंतर फेकून द्या. एकदम दहा बाटल्या कालवून ठेवू नका. समोर मुले उभी असतील तेवढ्याच. प्रत्येक मात्रेआधी बाटली पुन्हा हलवायची, कारण औषध तळाशी बसते.

वाटपाच्या दिवशी

जागा सावलीची: चर्चचे आवार, शाळा, मोठे झाड. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवा. क्रम असा: वहीत नाव शोधा, उंची मोजा, मात्रा पानावर लिहा, औषध द्या, गिळल्याची खात्री करा, खूण करा, बोटाच्या नखावर शाई लावा. खूण गिळल्यावरच करायची. सकाळी गर्दीत आधी खुणा करून मग औषध देणाऱ्या पथकाच्या वहीत, खुणा झाल्यावर रांग सोडून गेलेल्यांचीही गणना 'घेतले' अशी होते.

औषध समोरच गिळायचे. गैरहजर नवऱ्यासाठी, शेतात गेलेल्या मुलासाठी पुडी बांधून द्यायची नाही. तशा पुड्या खोकला-तापासाठी घरात राहतात नाहीतर बाजारात विकल्या जातात.

लहान मुलाबाबत नियम कडक ठेवा. मूल शांत आणि ताठ बसलेले हवे. आईच्या मांडीवर असेल तरी डोके वर. सिरप गालाच्या आतल्या बाजूने थोडे-थोडे सोडा, एका दाबात घशात मारू नका. रडणाऱ्या, हात-पाय झाडणाऱ्या मुलाचे नाक दाबून औषध घालणे हा सरळ धोका आहे. आई स्वतः तसे करू लागली तर तिला थांबवा. मुलाला बाजूला बसवा, अर्ध्या तासाने पुन्हा आणा. तरीही नकोच म्हणाले तर 'नकार' लिहा. एक मात्रा सुटली तर पुढच्या वर्षी देता येते. गुदमरलेल्या मुलासाठी काय करायचे ते प्रत्येक पथकातल्या एकाला तरी हाताने करून दाखवता आले पाहिजे: बाळाला पालथे, डोके खाली धरून पाठीवर थापा, मोठ्या मुलाला पाठीवर थापा आणि मग पोटावर झटके. प्रौढांतही ज्याला गोळी गिळता येत नाही त्याला सिरप द्या, वृद्धांना हे आधीच विचारा.

सहा महिन्यांखालच्या बाळाला तोंडाने औषध नाही. त्याला मलम, दोन्ही डोळ्यांत, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. पहिला थर स्वतः घालून दाखवा आणि दुसरा आईकडून घालून घ्या. नुसती ट्यूब हातात दिली की ती चार दिवसांत कपाटात जाते. ॲझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनची ॲलर्जी सांगणाऱ्यालाही मलमच. गर्भवतीला ॲझिथ्रोमायसिन चालते, पण काही कार्यक्रम तिला मलम देतात. आपल्या देशाचा लेखी नियम काय आहे तो पाळा, दोन पथकांनी दोन तऱ्हा करू नयेत. गंभीर आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला या दिवशी औषध न देता आरोग्य केंद्राकडे पाठवा.

मळमळ, उलटी, पोटदुखी, जुलाब होऊ शकतात हे आधीच्या गावबैठकीतच सांगा, आणि जेवून या असेही. न सांगता पहिल्या दिवशी दहा जणांना उलट्या झाल्या तर दुसऱ्या दिवशी मांडव रिकामा असतो. 'या गोळ्यांनी मुले होत नाहीत' ही अफवा जवळपास प्रत्येक फेरीत कुठेतरी उठते. तिला माहितीपत्रकाने उत्तर मिळत नाही. गावचे पाद्री, शेख आणि केबेलेचा प्रमुख यांनी रांगेत पहिले उभे राहून सगळ्यांसमोर गोळी घ्यावी, म्हणजे अर्धे काम होते. कोणी दगावले, रुग्णालयात गेले किंवा गुदमरले तर ते औषधामुळेच का याचा निवाडा पथकाने करायचा नाही. त्याच दिवशी वर कळवायचे, कारण गंभीर घटनेची माहिती २४ तासांत पुढे जायला हवी.

सुटलेले लोक

पाचव्या दिवशी संध्याकाळी वही उघडा आणि न खुणावलेली नावे वाचा. ती विखुरलेली नसतात, घोळक्याने असतात: गुराखी पोरे, दूरच्या टेकडीवरची सात घरे, मेतेमा भागातल्या तिळाच्या शेतांवर मजुरीला गेलेले तरुण, एका विशिष्ट कुटुंबाशी वाद असलेला वाडा. प्रत्येक घोळक्याला वेगळा उपाय लागतो. गुराख्यांसाठी पथकाने पहाटे, गुरे सुटायच्या आधी दारात जायचे. दूरच्या घरांना मांडवात बोलावण्यात अर्थ नाही, पथकच तिथे गेले पाहिजे. मजूर परततात तो महिना वेगळा असेल तर आरोग्य केंद्रात थोडा साठा नोंदवून ठेवायचा.

शाळेत वाटप केले तर मुलांची नावे त्याच संध्याकाळी घरयादीत उतरवा. नाहीतर तेच मूल शाळेच्या कागदावर एकदा आणि घराच्या वहीत एकदा मोजले जाते. त्यातूनच १०४ टक्के असा हास्यास्पद आकडा निघतो.

मोहीम चालू असतानाच पर्यवेक्षकाने एखाद्या वस्तीत यादृच्छिक निवडलेल्या २० जणांना विचारावे: औषध मिळाले का, गिळले का, नाही तर का नाही? दोन तासांचे काम आहे, पण चूक सुधारायला वेळ असताना कळते. नंतरचे स्वतंत्र सर्वेक्षण वेगळे. अहवालातला आकडा आणि घरोघर विचारून मिळालेला आकडा यांत फरक पडला की दोष बहुधा जुन्या जनगणनेवरून काढलेल्या भाजकात असतो.

हिशोब आणि उरलेले औषध

प्रत्येक पथकाने घेतलेल्या, वापरलेल्या, सांडलेल्या आणि परत केलेल्या गोळ्या जुळल्या पाहिजेत. उघडलेली सिरपची बाटली परत घ्या आणि नष्ट करा. न उघडलेल्या बाटल्या आणि गोळ्या वोरेद्याच्या गोदामात, ३० अंशांखाली, मुदत आधी संपणाऱ्या पुढे. एकही बाटली स्वयंसेवकाच्या घरी राहू देऊ नका. रिकाम्या बाटल्यांना गावात मागणी असते, तेल-रॉकेलसाठी लोक मागतात. लेबल काढून, चेपून नष्ट केलेल्या बऱ्या.

हा जंतुरोधक औषधांचा मोठा वापर आहे आणि त्याची किंमत आहेच. वाटपानंतर मुलांच्या घशातल्या न्यूमोकोकस जिवाणूंत या औषधाला न जुमानणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले आहे. दुसरीकडे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॉर्डर' चाचणीत, नायजर, मलावी आणि टांझानियात, वर्षातून दोनदा ॲझिथ्रोमायसिन दिलेल्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून 'मुले वाचतात तर वाटत राहू' असा मोह होतो. तो निर्णय खुपऱ्यांच्या कार्यक्रमाचा नाही. आपल्या फेऱ्या संपल्या की थांबायचे.

शेवटच्या फेरीनंतर किमान सहा महिन्यांनी पुन्हा पापण्या उलटून सर्वेक्षण होते. टीएफ ५ टक्क्यांखाली आले तर वाटप बंद, आणि दोन वर्षांनी आणखी एकदा तपासणी. त्या दोन वर्षांत औषध अजिबात द्यायचे नाही, नाहीतर रोग खरेच हटला की औषधाने दबला आहे ते कळत नाही. तपासणीत आकडा पुन्हा वर गेला, जसे अम्हारातल्या कित्येक वोरेद्यांत झाले, तर आधी जुन्या वह्या काढा: कोणत्या वस्त्यांत ८० टक्के कधीच झाले नव्हते ते पाहा. तिथे घरयादी नव्याने करा. सगळीकडे झाले असूनही आकडा वर असेल तर वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा, निदान मुलांना, औषध देण्याचा प्रस्ताव मंत्रालयामार्फत पाठवा. आणि त्या अर्जासोबत त्या वस्त्यांतले पाण्याचे अंतर आणि वापरात असलेले संडास यांचे आकडेही जोडा.